बापांची हजेरी

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या चाळीत एखाद्या दारावर खडूचा भोपळा दिसला, की त्या खोलीतली बाई आधी ओलं फडकं शोधायची आणि मग नवरा. फडक्यानं भोपळा पुसायचा आणि मग नवऱ्याला फडक्यासारखं पिळायचं, ही रीतच पडून गेली होती. "अख्ख्या मजल्यावर आपल्याच दारावर! आता नळावर तोंड कसं दाखवू मी?" नवरा बिचारा पहिल्या पाळीहून आलेला, केसांत कापूस, डोळ्यांत झोप. त्याला कळायचं नाही की गिरणीत जॉबरनं झापलं ते कमी होतं का.

हा भोपळा काढणारे आमचे गुरुजी.

परळच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत त्यांनी मला तिसरी आणि चौथी शिकवली. ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. लालबाग-परळमध्ये तेव्हा भिंत म्हणून कोरी सापडायची नाही. जिकडेतिकडे 'झालाच पाहिजे'. आम्ही पोरंही घसा फुटेस्तोवर ओरडायचो, "सुट्टी झालीच पाहिजे!" गुरुजी वर्गात शिरता शिरता उत्तर द्यायचे, "होईल! आधी पाढे झालेच पाहिजेत."

माणूस दिसायला अगदी काटकुळा. काळा लांब कोट, त्याच्या उजव्या खिशात फळा पुसायचा डस्टर. शाळेतला डस्टर ते घरी घेऊन जात, कारण शाळेत ठेवला की दुसरे शिक्षक पळवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोटाची उजवी बाजू कायम पांढरी. लांबून बघितलं तर वाटायचं, हा माणूस आत्ताच कुठल्यातरी चुन्याच्या भिंतीला घासून आलाय. डाव्या खिशात चणे. मुलांना ते 'अहो' म्हणत. आठ वर्षांच्या शेंबड्या पोरालासुद्धा, "अहो, नाक पुसा आधी." आणि त्याच पोराचा बाप समोर आला की, "काय रे, आलास का? ये, बस." एकदा एका पहिलवान जॉबरनं डोळे वटारले, "मास्तर, मला अरेतुरे?" गुरुजी म्हणाले, "मुलगा माझ्याकडे रोज येतो. तू वर्षातून एकदा येतोस. नव्या विद्यार्थ्याला मी अरेतुरेच करतो. रोज यायला लाग, अहो म्हणेन."

खरी गंमत त्यांच्या हजेरीत होती. सरकारी हजेरीपट ते भरायचेच, पण आम्ही चौथीत गेल्यावर त्याखाली एक दुसरी जाड वही आली. तीत आमची नावं नसत. आमच्या वडलांची असत. आणि एक तांबडी-निळी पेन्सिल, दोन्ही टोकांना सुईसारखी टोकदार. सकाळी आमचं नाव पुकारलं की आम्ही 'हजर' म्हणायचं नाही. काल घरी वडलांनी शाळेबद्दल काय विचारलं, ते सांगायचं. काहीतरी विचारलं असेल तर वडलांच्या चौकोनात निळी खूण. नसेल विचारलं तर तांबडी. आम्हांला शिक्षा काही नाही. ते फक्त मान हलवायचे, "अरेरे, आज तुमचे वडील गैरहजर," आणि पुढचं नाव घ्यायचे. छडी परवडली असती.

"आणि आईनं विचारलं तर, गुरुजी?"

"आई विचारतेच. विचारल्याशिवाय तिला घास जात नाही. तिची हजेरी घेऊन मी पेन्सिल कशाला झिजवू? मला बाप हवेत."

ज्याला वडील नव्हते अशा एका मुलाच्या आईला मात्र त्यांनी वहीत नाव दिलं होतं आणि ती रोज दोन निळ्या खुणा मिळवायची. तो मुलगा वर्गात सगळ्यांत ताठ बसायचा.

नियमांची चर्चा चालायची, एखाद्या कोर्टासारखी. एक मुलगा उठला, "गुरुजी, बापानं विचारलं, तो तुमचा येडा मास्तर अजून आहे का बदलला?"

गुरुजींनी विचार केला. "शाळेबद्दल आहे?"

"हो."

"प्रश्न आहे?"

"हो."

"निळी. आणि सांगा, आहे अजून."

दुसऱ्याचे वडील रातपाळीला. दिवसभर झोपलेले. "झोपेत काही बोलले?" "बोलले, गुरुजी. 'ह्याची शाळा सुटली का, किती आवाज करतंय कार्टं.'" गुरुजी म्हणाले, "अर्धी निळी." आणि खरोखर अर्धाच चौकोन रंगवला.

महिनाअखेर हे सगळे चौकोन मोजून गुरुजी चाळीचाळीतून हिंडत. चहा घेत नसत, टेकत नसत. "पाणी नको, बसणं नको. बाप कुठाय?" जिथं तांबडं जास्त, त्या दारावर भोपळा. जितकं तांबडं तितका भोपळा मोठा. निळं जास्त असेल तर बरोबरची खूण. ती खूण बायका पुसू देत नसत. झाडू मारतानासुद्धा दाराला धक्का लागू देत नसत. एकानं रात्री शेजाऱ्याची खूण पुसून भोपळा काढला होता, त्यावरून दोन खोल्यांचं बोलणं गणपतीपर्यंत बंद होतं.

आता आमच्या खोलीचं सांगते.

माझे बाबा साचेखात्यात. त्यांच्याकडे दोन साचे, म्हणजे माग. एक डोळा धोट्यावर, एक डोळा कापडावर. अक्षरओळख शून्य, पगाराला अंगठा. मालवणकडचा माणूस, बोलणं मोजून-मापून, घरी आले की गॅलरीत पाय सोडून बसायचे आणि समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघायचे. मला त्यांनी कधी मारलं नाही आणि कधी काही विचारलंही नाही. शाळा म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्या कुणाचंतरी खातं होतं. आपल्या खात्यातला माणूस दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसत नाही.

आणि घरात एक गोष्ट ठरलेली होती. चौथी झाली की मला गावी आत्याकडे पाठवायचं. आत्याची गुरं होती, कामाला हात हवे होते, आणि आई म्हणायची, "चौथी झाली काय पुरे. पत्र वाचूक इला म्हणजे झाला." बाबा यावर हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. चिमणीकडे बघत. मला मात्र शाळा सोडायची नव्हती. मला फळ्यावरचा ओला वास आवडायचा, गुरुजींचा चुन्याचा कोट आवडायचा, पहिला नंबर आवडायचा. आणि मला ठाऊक होतं की ज्या माणसानं आजवर एक प्रश्न विचारला नाही, तो माणूस चिमणीकडे बघता बघता मला बोटीत बसवून देणार.

म्हणून रोज सकाळी 'वडील गैरहजर' ऐकायला मी तयार नव्हते. मी सरळ खोटं बोलायला लागले.

पहिल्या दिवशी बिचकत, "बाबांनी विचारलं, उत्तरेला कुठला पर्वत?"

गुरुजींच्या भुवया वर गेल्या. "असं? मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हिमालय."

"मग ते काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले."

निळी. मला चटक लागली. पुस्तकातले प्रश्न मी बाबांच्या तोंडी घालायला लागले. बाबांनी कृष्णेचा उगम विचारला. बाबांनी पोपट आणि घार यांच्या चोचीतला फरक विचारला. बाबांनी विचारलं, ध्रुवतारा जागचा हलत का नाही. दोन महिन्यांत मी माझ्या अंगठेबहाद्दर बापाला इतकं विद्वान केलं, की वर्गातली पोरं मला विचारायला लागली, "तुझे बाबा गिरणीत साहेब आहेत काय गो?"

पहिल्या महिन्याअखेर बाबा पाळीवर होते म्हणून गुरुजी आमच्या दारावर काहीच न काढता गेले होते; आता दुसऱ्या महिन्याचा शेवटचा शनिवार आला. बाबा पहिल्या पाळीहून येऊन बशीत चहा ओतत होते. जिन्यावर गुरुजींचे पाय वाजले. गुरुजी दारात उभे राहिले. आणि ज्या माणसानं कुठल्या बापाला कधी अहो म्हटलं नव्हतं, त्यानं दोन्ही हात जोडले.

"नमस्कार! आपल्यासारखा पालक मी नोकरीत पाहिला नाही. दोन महिन्यांत एक दिवस गैरहजेरी नाही! आणि प्रश्न तरी कसले? परवा आपण हिला विचारलंत, ध्रुवतारा हलत का नाही. मी स्वतः घरी जाऊन पुस्तकं काढली."

बाबांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीतली फट बघत होते, जाता येईल का म्हणून. आईनं स्टोव्हचा पंप मारायचं थांबवलं.

"होय," बाबा म्हणाले. "इचारलंय."

"वा! आणि त्याचं उत्तर काय हो?"

बाबांनी बशीतला चहा सावकाश संपवला, बशी खाली ठेवली.

"मास्तरांनू, इचारूचा काम माझा. उत्तर देवचा काम तिचा. माझाच काम मी करतंय."

गुरुजी असे हसले की कोटातून खडूची पूड उडाली. बाहेर जाऊन त्यांनी आमच्या दारावर बरोबरची खूण काढली, वरच्या कडीपासून खालच्या फळीपर्यंत. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी मी स्वतः ऐकायला येईन. माझ्यासमोर विचारा एखादा."

ते गेल्यावर मी मार खायच्या तयारीनं भिंतीला टेकून उभी राहिले. बाबांनी मला जवळ बसवलं, आवाज खाली आणला.

"आता माका सांग, मी तुका काय काय इचारलंय ता."

मी सगळं सांगितलं. हिमालय, कृष्णा, चोची. ते मन लावून ऐकत होते, मध्येच म्हणाले, "ह्या बरा इचारलंय मी." चोचींचा प्रश्न त्यांना स्वतःलाच आवडला. आई तोंडात पदर कोंबून हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी खरोखर विचारायला सुरुवात केली. पण त्यांना सगळ्या यादीतला एकच प्रश्न नीट लक्षात राहिला होता.

"हिमालय खय आसा गो?"

"उत्तरेला."

"बरा."

दुसऱ्या दिवशी, "हिमालय खय आसा?" "उत्तरेला, बाबा." तिसऱ्या दिवशी, "अजून थयच?" मी सकाळी वर्गात खरं तेच सांगायची, "बाबांनी विचारलं, हिमालय कुठे आहे." पोरं फिदीफिदी हसायची. गुरुजी हसायचे नाहीत. निळं टोक वहीवर जरा जास्तच दाबायचे, इतकंच.

मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोर्चे, हरताळ चालू होते आणि पोलिसांना खडू दिसला की संशय यायचा. एका शनिवारी दुपारी एका हवालदारानं बघितलं, की चाळीत काही दारांवर गोल आहेत, काही दारांवर तिरक्या खुणा आहेत, आणि कोटाच्या खिशात डस्टर घातलेला एक माणूस आणखी काढतोय. ही चळवळवाल्यांची सांकेतिक खूण असणार, कुणाच्या घरात माणूस लपवायचा ते ठरवलेलं असणार, असं त्याच्या डोक्यानं घेतलं आणि त्यानं गुरुजींना दंड धरून चौकीवर नेलं. मागोमाग अर्धी चाळ. त्यात बाबा होते. त्यांनी बघितलेलं मी सांगते आहे.

"बोला, हा गोल म्हणजे काय?" हवालदारानं विचारलं.

"या घरातल्या बापानं महिन्याभरात मुलाला शाळेबद्दल काही विचारलं नाही."

"मस्करी नको मास्तर. वरून हुकूम आहे. गोल म्हणजे काय?"

"सांगितलं ना. मोठा गोल म्हणजे मुळीच विचारलं नाही." गुरुजींनी चणे पुढे केले. हवालदारानं घेतले नाहीत. "तुम्हांला मुलं किती?"

"तीन. त्याचा काय संबंध?"

"थोरला कितवीत?"

हवालदारानं खुर्चीवरच्या फौजदाराकडे बघितलं. "दुसरीत... नाही, तिसरीत गेला असेल आता."

गुरुजींनी खिशातून खडू काढला आणि चौकीच्या टेबलावर, हवालदाराच्या टोपीशेजारी, ताटाएवढा भोपळा काढला.

चाळीतली माणसं हसली ती हसली, फौजदारही टेबलावर डोकं ठेवून हसला. "सोडा रे त्यांना. नाहीतर माझाही काढतील." पुढे तो हवालदार मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी दिसायला लागला. त्याचा मुलगा आमच्या शाळेत नव्हताच, दुसऱ्याच शाळेत होता. तो गुरुजींना फक्त विचारायला यायचा, "आज काय विचारू?"

गुरुजी स्वतः मोर्च्यालाही जायचे. घोषणा दोन मिनिटं थांबल्या की शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसायचे, "मुलीची वही बघितलीस काल?" कुणी वैतागून म्हणालं, "मास्तर, इथं मुंबईचा प्रश्न आहे!" तर म्हणाले, "मुंबई येणार रे, नक्की येणार. पण आल्यावर ती चालवायची कुणी? तुझ्या पोरीनंच ना? मग वही बघ."

आणि मग तो हरताळाचा दिवस. गिरण्या बंद, शाळा बंद, दुकानं बंद. भोंगा वाजला नाही म्हणून सगळे बाप गॅलरीत उभे राहून एकमेकांकडे बघत होते. अशा दिवशी गुरुजी येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं, आणि तिथंच सगळे चुकले. सकाळी दहाला जिन्यावर पाय वाजले.

"सगळे घरात आहेत ना? वा! असा दिवस वर्षात मिळत नाही. पोरांनो, वह्या काढा. बापांनो, खाली बसा."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पंधरा-वीस बाप मांडी घालून ओळीनं बसले. प्रत्येकाच्या हातात आपापल्या पोराची शुद्धलेखनाची वही. ज्यांना वाचता येत होतं ते ओठ हलवत होते. ज्यांना येत नव्हतं ते पानं उलटत होते, पंगतीत नको असलेली भाजी उलटीपालटी करावी तसे. बाबा शेवटी बसले होते. गुरुजी एकेकापुढे थांबून विचारत होते, "काय दिसलं?"

"ठीक आहे, गुरुजी."

"चांगलं अक्षर आहे."

"छान आहे."

"शेजारच्याचं ऐकून सांगू नकोस. तुला काय दिसलं?"

असं करत करत गुरुजी बाबांपुढे आले. बाबांना हिमालयाशिवाय काही येत नव्हतं, आणि वहीत हिमालय नव्हता. सगळ्या चाळीसमोर कळणार होतं, की दोन महिने ध्रुवताऱ्याचे प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच्या मुलीची वही वाचू शकत नाही. मग गुरुजी दारावरची खूण पुसणार, भोपळा काढणार, आणि मे महिन्यात मी बोटीत.

बाबा अजून वहीच बघत होते. पण वाचायला धरतात तशी त्यांनी धरलीच नव्हती. त्यांनी पान उचलून उजेडासमोर धरलं होतं, दोन्ही कोपरे ताणून, डोळे बारीक करून. घडीखात्यात नेण्याआधी मागावरचं कापड बघतात तसं.

"काय दिसलं?" गुरुजींनी विचारलं.

"मास्तरांनू, माका वाचूक येना नाय."

हे वाक्य त्यांनी चारचौघांत आधी कधी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

"वाचा असं मी म्हणालोच नाही. दिसलं काय?"

बाबांनी पानावर बोट ठेवलं. "हिचो हात चार तुकड्यांनी शाई घेता. हय बघा. काळो, मगे फिको, फिको, फिको. परत काळो. वरसून खालपर्यंत तसाच जाता." बोट सरकत खाली आलं आणि थांबलं. "हय मात्र आठ तुकडे एका शाईत. ह्यो तीन ओळी हिच्यो नाय. दुसऱ्या कोनाचो हात आसा."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. त्या तीन ओळी खरंच माझ्या नव्हत्या. मला सागरगोटे खेळायला जायचं होतं म्हणून शेजारच्या खोलीतल्या सातवीतल्या सुमनकडून मी त्या लिहून घेतल्या होत्या, दोन चिंचेच्या गोळ्या देऊन. सुमननं माझं अक्षर हुबेहूब काढलं होतं. पण तिचा टाक नवा होता, शाई जास्त धरायचा; चारऐवजी आठ शब्दांनी दौतीत बुडवावा लागायचा. आणि त्या पानाखाली गुरुजींनी स्वतः 'उत्तम' असा शेरा मारलेला होता.

गुरुजींनी वही घेतली. ती उजेडात धरली. चष्मा वर केला, खाली केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुणाच्या आहेत या ओळी?"

"सुमनच्या," मी म्हणाले. खोटं बोलायची सगळी अक्कल संपली होती.

गुरुजी बाबांसमोर फरशीवर मांडी घालून बसले. कुणाच्या घरात न टेकणारा माणूस. "मला वीस वर्षं झाली शिकवताना. मला नाही दिसलं. हे मला शिकवा."

आणि बाबांनी शिकवलं. मग काय विचारता! गुरुजींनी ओळीतल्या सगळ्या वह्या बाबांपुढे टाकल्या. "ह्यो दोगांचो मिळून काम." "हय हात दमलो, झोपेत लिवला." "ह्या पान आदल्या दिवसाचा नाय, सगळा एका बैठकीत उरकलाहा." एकेका वहीबरोबर एकेक पोरगं गॅलरीतून पळत होतं आणि एकेक बाप उठून त्याच्या मागे. इतर बापांनाही जोर चढला. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही पानं उजेडात धरून कापड बघायला लागले. कापड तर सगळ्यांनाच कळत होतं. पुढे महिनाभर चाळीतलं एकही पोर माझ्याशी बोलत नव्हतं. सुमन तर मॅट्रिक होईस्तोवर बोलली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरातला हिमालय संपला. बाबा पाळीवरून आले की हात धुऊन म्हणायचे, "वही हाड." मी वही आणली की पान उजेडात. "हय थांबलंस. कित्याक?" मग मला सांगावं लागायचं की इथं गणित अडलं होतं. कुठलं, कसं, मग कसं सुटलं. त्यांना गणित कळत नव्हतं, पण मी नीट समजावून सांगेपर्यंत ते पान सोडत नसत. चौथीचं सगळं गणित मी माझ्या बापाला शिकवलं. ते शिकले की नाही ठाऊक नाही. मी शिकले.

चौथीचा निकाल लागला, पहिला नंबर आला. मे महिन्यात आत्या गावाहून आली, फणस घेऊन आणि मला न्यायला. माझी कपड्यांची पिशवी आईनं भरून ठेवली होती. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"चेडवाक शिकवून काय करतलस तू?" आत्यानं विचारलं.

बाबा चिमणीकडे बघत होते. मग ते वळले.

"आक्का, तिचा कापड अजून साच्यार आसा. अर्ध्यात कापून काढूचा नाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ता हय रवतला. फणस ठेव, चाय पी."

आईनं उठून पिशवीतले माझे कपडे काढले आणि त्याच पिशवीत आत्यासाठी साखर भरली.

शेवटच्या दिवशी गुरुजींनी त्या जाड वहीची पानं फाडून ज्याच्या-त्याच्या वडलांना नेऊन दिली. पालकांचा निकाल! मला माझ्या बाबांचं पान बघायचं होतं. बाबांनी ते घडी करून ट्रंकेत कपड्यांखाली टाकलं. "ह्यो माझो निकाल. तू तुझो बघ."

गुरुजींची पुढे वरळीला बदली झाली. मी कॉलेजात असताना एकदा ते शिवाजी पार्कवर दिसले. कोट तोच, उजवी बाजू पांढरी. क्रिकेटच्या जाळीबाहेर उभ्या एका कोटपँटवाल्या बापाला ते काहीतरी विचारत होते आणि तो घड्याळ बघत होता. मी वाकून नमस्कार केला. नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "काल वडलांनी काय विचारलं?"

"कॉलेजात पोरं त्रास देतात का, म्हणून."

"निळी," ते म्हणाले आणि माझ्या हातावर चणे ठेवले. त्यानंतर भेट नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या खोलीतली पहिली, घराण्यातली पहिली, आणि लपवायचं कशाला, अख्ख्या चाळीतली पहिली मुलगी. पदवीचा कागद घरी आणला त्या दुपारी बाबांनी हात धुतले, पुसले, कागद घेतला आणि गॅलरीत जाऊन उजेडात धरला. आई म्हणाली, "आता त्यात काय बघतास?" ते बघत राहिले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "नाव तुझा, पन हात दुसऱ्याचो."

"बाबा, नाव युनिव्हर्सिटीतला कारकून लिहितो. सगळ्यांचं तोच लिहितो."

"बरा. मगे ठीक." त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते आत गेले, ट्रंक उघडली आणि घडीवर घडी पडलेलं एक पान माझ्यापुढे ठेवलं. गुरुजींच्या वहीतलं.

इतकी वर्षं मी ते बघितलं नव्हतं. वर बाबांचं नाव, खाली चौकोनच चौकोन. आणि पहिले दोन महिने, ज्या दोन महिन्यांत मी हिमालय, कृष्णा आणि ध्रुवतारा रचला, ज्या प्रत्येक सकाळी मला वाटलं की पेन्सिल निळ्या टोकावर फिरली, ते सगळे चौकोन तांबडे. एकूण एक. निळं सुरू होत होतं ते गुरुजी हात जोडून आमच्या दारात उभे राहिले त्यानंतरच्या सोमवारी. हिमालयाच्या पहिल्या खऱ्या प्रश्नापासून. मग अखेरपर्यंत निळं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?" मी म्हणाले. "आणि तरी येऊन तुमचं कौतुक केलं? बरोबरची खूण काढली?"

"मास्तराक सगळा ठावक होता." बाबांनी पानावर बोट ठेवलं, तांबड्यावरून निळ्याकडे नेलं. "सुरवातीक डाग आसत. मगे कापड साफ." आणि जरा थांबून, "पान हातात इला, माका त्याच दिवशी कळला. रंग काय वाचूक लागनत नाय."

मग त्यांनी पदवीचा कागद माझ्या हातात दिला आणि गॅलरीत पाय सोडून बसले.

"काय लिवलला आसा, ता वाच."

मी वाचला. इंग्रजीत आधी, मग एकेका शब्दाचा अर्थ सांगत. ते नीट समजेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. झाल्यावर मी घरात तांबडी-निळी पेन्सिल शोधली. गुरुजींच्या पानावर रिकामा चौकोन उरलेला नव्हता, म्हणून समासात एक नवा काढला आणि निळा भरला. दोन्ही कोपरे ताणून पान उजेडात धरलं आणि बाबांना दाखवलं.

"हात कोनाचो?" त्यांनी विचारलं.

"माझो," मी म्हणाले.